शुक्रवारची शर्यत

"उघडेल," असं शरच्चंद्र टिपणीस फोनवर म्हणाले, आणि पुढचा सगळा महिना त्या एका शब्दामागे धावण्यात गेला.

फोन सांगलीहून होता. त्यांची एकुलती एक लेक आसावरी तिथे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकत होती. डिसेंबरात परीक्षा संपली की दहा दिवस सुट्टी, त्यातले घरी किती, एवढंच टिपणिसांनी विचारलं होतं.

"तीन," आसावरी म्हणाली. "सोमवारी येते, गुरुवारी सकाळी निघते. घरी बसून करू काय, बाबा? तुम्ही ऑफिसात, आई शाळेत. इथे मैत्रिणीकडे, रुचिकाच्या कॉम्प्युटरवर आम्ही गाड्यांची शर्यत खेळतो. आपल्या डब्यावर तो गेम उघडणारसुद्धा नाही."

"उघडेल," बाबा म्हणाले.

हा डबा, म्हणजे घरचा संगणक, घेतला तेव्हा आसावरी आठवीत होती. त्यात एक साधा खेळ होता. राखाडी रस्ता, दोन्ही बाजूंना त्रिकोणी झाडं आणि मधून धावणारी काडेपेटीएवढी लाल गाडी. संध्याकाळी टिपणीस घरी आले, की आसावरी बाणांच्या कळांवर आणि ते स्पेसबारवर. स्पेसबार म्हणजे ब्रेक. गाडी लेकीची, ब्रेक बापाचा, अशी त्या घरात वाटणी होती. लेक वळणावर वेग वाढवायची, बाप वळण दिसायच्या आधीच ब्रेक दाबायचा, आणि आतून सुनीतीबाई म्हणायच्या, "अहो, सोडा तिला जरा." मग लेक दहावीत गेली, बारावीत गेली, सांगलीला गेली. ब्रेक तेवढा घरी राहिला.

हे टिपणिसांनी कोणाला सांगितलं नाही. ते एका माध्यमिक शाळेत हेडक्लार्क होते आणि मनातलं कागदावर आणायची त्यांची एक पद्धत होती. त्यांनी वही काढली, वर तारीख घातली आणि लिहिलं : 'विषय – घरगुती संगणक अद्ययावत करणेबाबत.' खाली खर्चाची मर्यादा घातली, चार हजार. ही रक्कम सुनीतीबाईंनी नव्या मिक्सरसाठी राखली होती. 'जुना अजून फिरतो आहे,' असा शेरा मारून त्यांनी ती मंजूर केली.

रविवारी सकाळी टिपणीस स्क्रू-ड्रायव्हर घेऊन संगणकासमोर मांडी घालून बसले. पंख्याचं बटण सोडलं तर घरातल्या कुठल्याही विजेच्या वस्तूला त्यांनी आजवर आपणहून हात लावला नव्हता. चार स्क्रू निघाले, पाचवा निघाला नाही, म्हणून तो नसल्याचं मानून त्यांनी पत्रा ओढला. पत्रा आला आणि त्याच्याबरोबर ढग आला.

टिपणिसांच्या नारपोलीत कापूस पिकत नाही, पण पडतो बारा महिने. दारच्या तुळशीवर पडतो, गच्चीवरच्या पापडांवर पडतो, नव्या नवरीच्या केसांत पडतो आणि म्हाताऱ्याच्या भुवईवर पडला तर कळतही नाही. टिपणिसांच्या बिऱ्हाडाखाली तर काळूराम पाटलांचा छत्तीस लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. खटाक-फटाक, खटाक-फटाक, असा त्याचा ठेका दिवसरात्र चाले. त्या ठेक्यावर या घरातल्या माणसांचं जेवण-खाण, भांडण-तंटा, सगळं बसलेलं. खालून उडालेला तंतू जिन्याने वर येई, खिडकीतून आत येई आणि जिथे पंखा फिरतो तिथे जाऊन बसे. संगणकात पंखा होता. सहा वर्षं तो इमानाने फिरला होता आणि सहा वर्षांचा कापूस त्याने पोटात ओढून घेतला होता.

"यात एक तान्ह्या बाळाची उशी निघेल," सुनीतीबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या.

उशी निघाली नाही, पण मोठं पातेलं भरलं. तेवढ्यात समोरच्या दारातून आक्का आल्या. आक्का म्हणजे काळूरामची आई. सत्तरी ओलांडलेल्या, आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या. धवलारणीच्या तोंडून धवला झाल्याशिवाय मांडवात हळद हलत नाही, आणि आसपासच्या गावांतली निम्मी लग्नं आक्कांनी गाऊन लावलेली. त्यांनी पातेल्यात हात घातला.

"बाला, टाकतंस कुठं? वाती व्हतील याच्या," त्या म्हणाल्या आणि पातेलं घेऊन गेल्या. त्या दिवसापासून पाटलांच्या देव्हाऱ्यात संगणकाच्या वाती जळू लागल्या. आक्कांच्या मते त्या साध्या वातींपेक्षा जास्त वेळ टिकत.

कापूस निघाला. संगणकाचं वजन कमी झालं, तेज आलं, आणि तो सुरू व्हायचा थांबला.

बातमी जिना उतरून गेली आणि सल्ले जिना चढून आले. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी सांगितलं, की यंत्र डीफ्रॅग करावं. ते बंद आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "मग सुरू झालं की करा." वरच्या मजल्यावरच्या चंद्राबाई म्हणाल्या, की त्यांचा फ्रिज असाच बसला होता, आडवा करून दोन दिवस ठेवल्यावर लागला. काळूरामने सगळ्यांत सोपा उपाय सांगितला.

"टिपणीसभाऊ, इकून टाका ना. कशाला जीव लावता? आजकाल नवा घेतला का बिनघोर."

"विकायचा नाही," टिपणीस म्हणाले. "अद्ययावत करायचा आहे."

"ते काय असतं?"

"तोच ठेवून नवा करायचा."

काळूरामने विचार केला. "म्हनजे आमच्या घरासारखं," तो म्हणाला. "भिंती बापाच्या, टाइल्स माझ्या."

शेवटी अनंता आला. अनंता म्हणजे गल्लीच्या तोंडावरचा लूमच्या मोटारींचा मिस्त्री. जळालेल्या मोटारी तो गुंडाळून द्यायचा आणि दोन वर्षांपासून पाटीवर 'कॉम्प्युटर रिपेअरिंग' असंही लिहायचा. बोलताना त्याची हिंदी कुठे संपते आणि मराठी कुठे लागते हे त्यालाही सांगता आलं नसतं. तो यायचा फक्त शुक्रवारी, कारण शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, त्या दिवशी कोणाची मोटार जळत नसे.

"साहब, ही पट्टी उलटी लावली तुम्ही," त्याने आत डोकावल्याबरोबर सांगितलं, ती सुलटी केली, खिशातून लूमच्या तेलाची कुप्पी काढून पंख्याला दोन थेंब पाजले, आणि संगणक सुरू झाला. मग त्याने टिपणिसांनी आणून ठेवलेली त्या खेळाची सीडी घालून पाहिली. पडद्यावर निळी पाटी आली आणि तिथेच थिजली.

"दोन चीज पाहिजे," अनंताने निदान केलं. "एक रॅम. आत्ता आहे ती म्हणजे एका माणसाचं जेवण, आणि पंगत बसवायची आहे. दुसरं, ग्राफिक कार्ड. त्याशिवाय चित्र हलणार नाही. कोणासाठी आहे, मुलासाठी?"

"मुलीसाठी."

"मग तर झालंच पाहिजे," अनंता म्हणाला. त्याला स्वतःला तीन मुली होत्या.

टिपणिसांनी किरकोळ रजा टाकली, कारणाच्या रकान्यात 'यंत्रसामग्री खरेदी' लिहिलं आणि मुंबईला जाऊन आले. दुकानातल्या माणसाने काउंटरवरून विचारलं होतं, "डीडीआर ना?" तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला कागद न वाचता सही करायची हिंमत होत नाही. पण मागे रांग होती, रांगेतली पोरं बघत होती. टिपणीस म्हणाले, "अर्थात."

घरी आल्यावर ती रॅम बसेना. जुन्या पट्टीला दोन खाचा, नवीला एक, आणि ती भलत्याच जागी. निम्मी मर्यादा संपली होती आणि पावतीवर छापलं होतं, की विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

"कानशीने जरा घासली तर..." टिपणीस म्हणाले.

"कवळी घासली होतीत," सुनीतीबाई म्हणाल्या. "त्यानंतर पंधरा दिवस पेज पीत होतात."

अनंताने पुढच्या शुक्रवारी ती पट्टी उजेडात धरून पाहिली. "ही नव्या जमान्याची आहे, साहब. तुमच्या मशीनला पुरानी लागते. आणि पुरानी आता नव्याहून महाग." सुनीतीबाईंनी ती नवी रॅम आपल्या पाकक्रियेच्या वहीत, सोड्याच्या खिचडीच्या पानावर खूण म्हणून ठेवली. चांगली चपटी आणि टणक होती.

या वेळी काळूराम मदतीला आला. राहनाळला त्याच्या शेतजमिनीवर आता भात नव्हे, गोदामं उभी होती. त्यातलं एक ज्या कंपनीने भाड्याने घेतलं होतं तिने पाच जुने कॉम्प्युटर भंगारात काढून कोपऱ्यात लावले होते. "चला," त्याने स्कूटर काढली. "जुना माल हाय. तुमाला जुनाच पायजे ना?"

गोदामात टिपणिसांनी रुमाल पसरला आणि त्यावर गुडघे टेकून अनंताने काढून दिलेल्या चित्रानुसार शोध घेतला. दोन खाचांच्या दोन पट्ट्या निघाल्या आणि एक तपकिरी कार्ड, ज्यावर बोटाएवढा पंखा होता. कंपनीच्या मॅनेजरने किरकोळ पैसे घेऊन माल दिला. पण फाटकावर वॉचमन उभा राहिला. गेटपास पाहिजे.

"अरे, जमीन माझी हाय," काळूराम म्हणाला.

"जमीन तुमचीच आहे साहेब, ती बाहेर न्यायची नाहीये ना," वॉचमन म्हणाला.

काळूराम चिडला, टिपणीस मात्र खुलले. वॉचमनचं म्हणणं त्यांना काळजापासून पटलं होतं. ते पुन्हा आत गेले, मॅनेजरकडून गेटपास करून घेतला आणि तो टेबलाचा पाय तुटलेला असल्यामुळे स्वतःच्या पाठीवर लिहू दिला. गेटपासवर मॅनेजरने लिहिलं : 'भंगार, नग तीन.'

आता राहनाळ शहराच्या हद्दीबाहेर, नारपोली हद्दीत, आणि मध्ये जकात नाका. तीन नग टिपणिसांच्या सदऱ्याच्या खिशात होते. खिसा फुगलाही नव्हता. पण नाका दिसताच ते काळूरामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "थांबव. माल आहे आपल्याकडे."

"खिशातला?"

"माल तो माल."

नाक्यावरच्या कारकुनाने ट्रकवाल्यांच्या गर्दीतून वर पाहिलं. आपणहून चालत आलेला माणूस त्याने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता, त्यामुळे तो आधी जरा घाबरला. मग त्याने गेटपास वाचला. "भंगार वजनावर असतं. काट्यावर घ्या."

काटा ट्रकचा होता. दोन ट्रक मागे सरकवून काळूरामची स्कूटर काट्यावर चढवण्यात आली. माल खिशातच आहे म्हटल्यावर काळूराम उतरला, स्कूटर उतरवली, आणि पाच-सहा ड्रायव्हर, दोन हमाल आणि एक चहावाला यांच्यादेखत टिपणिसांनी खिशातून तीन वस्तू काढून त्या अफाट लोखंडी फळीच्या मधोमध ठेवल्या. समुद्रात तीन खडे पडावेत तशा त्या दिसत होत्या.

"शून्य," आतून आवाज आला.

"शून्य कसं? वस्तू आहेत."

"साहेब, या काट्याला बैलसुद्धा नीट कळत नाही," कारकून म्हणाला. मागचा ट्रक हॉर्न देऊ लागला होता. त्याने टिपणिसांकडे पाहिलं, त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे, हातातल्या गेटपासकडे, आणि एका कारकुनाने दुसऱ्याला ओळखावं तसं ओळखलं. "अर्धा किलो लिहू?"

"लिहा."

पावती फाडली गेली. टिपणिसांनी ती घडी घालून पाकिटात ठेवली. परतताना घराच्या वळणावर काळूराम म्हणाला, "भाऊ, ह्यापेक्षा पोरीला इमानात बसवून आनलं असतं तं लवकर झालं असतं."

शुक्रवारी सकाळी बसवणीचा कार्यक्रम ठरला. खालचे लूम थांबले होते, जिना शांत होता, कबुतरांचं घुमणंही ऐकू येत होतं. अनंताने रॅमच्या पट्ट्या बसवल्या, कार्ड खाचेत दाबलं, तेल पाजलं आणि पत्रा लावायच्या आधी चहा प्यायला बाहेर गेला. तेवढ्यात आक्का आल्या. नऊवारी कडक, हातात ताट.

"नवी वस्तू घरान आली नं पूजा न्हाय? लूम आला तरी आमी हलद लावतो. ही बी मशीनच हाय ना?"

टिपणिसांना नाही म्हणणं जमलं नाही. आक्कांनी कॅबिनेटला पाच बोटं हळद लावली, वर कुंकू लावलं आणि डोळे मिटून आवाज लावला. लूम बंद होते, म्हणून तो आवाज जिनाभर भरला :

*आला गो आला नवरदेव, लोखंडाचा त्याचा कोट,*
*हलद लावा गो बायांनो, पांढरं हाय त्याचं पोट.*
*वायरीचं बांधा बाशिंग, बत्तीचा लावा डोला,*
*सांगलीची येल लेक, तिच्या बापाचा जीव भोला.*

शेवटच्या ओळीला टिपणिसांनी खिडकीबाहेर पाहिलं. आपण कोणाला काही सांगितलं नाही, हे त्यांना पक्कं आठवत होतं. सुनीतीबाईंनी डोळ्याला पदर लावला. आणि त्या एका ओलसर क्षणी, कोणाचं लक्ष नसताना, आक्कांनी दोन्ही मुठी भरून अक्षता टाकल्या. उघड्या कॅबिनेटवर.

अनंता चहा पिऊन आला, पत्रा लावला, बटण दाबलं. आतून जात्यासारखी घरघर आली. मग खमंग वास आला.

"भात," सुनीतीबाई म्हणाल्या. त्यांचं नाक चुकत नसे.

पुढचे दोन तास टिपणिसांच्या घरात तांदूळ निवडण्याचं काम चाललं. सुनीतीबाईंनी कॅबिनेट मांडीवर सुपासारखं धरलं, चष्मा लावला आणि भुवयांच्या चिमट्याने हळदीचा एकेक दाणा वेचला. कार्डाच्या बोटभर पंख्यात अकरा निघाले. अनंता एवढंच म्हणत होता, की मोटारीत उंदीर पाहिला, पाल पाहिली, अक्षता पहिल्यांदा. आक्का दारात उभ्या होत्या, खजील झालेल्या, पण पुऱ्या हरलेल्या नव्हत्या.

"पाच तरी ऱ्हाऊ दे आत," त्या म्हणाल्या. "समदे काढले तं अपशकुन."

सुनीतीबाईंनी पाच दाणे निवडून कॅबिनेटच्या तळाशी, पंख्यापासून दूर, चिकटपट्टीने डकवले.

बटण पुन्हा दाबलं. सीडी आत गेली. पडदा काळा झाला, सगळ्यांनी श्वास धरला, आणि मग तिथे समुद्र उगवला. समुद्राकाठी रस्ता, रस्त्यावर डांबराची चमक, आणि लाल गाडी, जिच्या काचेवर ढग सरकत होते. टिपणिसांनी खुर्ची ओढली, बाणाची कळ दाबली आणि पहिल्याच वळणावर गाडी समुद्रात घातली. पुन्हा काढली, पुन्हा घातली. दहा मिनिटांत सात वेळा बुडले आणि आठव्या वेळी वळले. फोन उचलून त्यांनी सांगली लावली.

"उघडला," ते म्हणाले.

"काय उघडलं, बाबा?"

"गेम. समुद्रसुद्धा दिसतो."

"आपल्या डब्यावर?" आसावरी म्हणाली.

सोमवारी दुपारी आसावरी आली. खांद्यावरची पिशवी न काढताच ती संगणकासमोर बसली. टिपणीस शेजारी स्टूल घेऊन. काळूराम, आक्का, चंद्राबाई दारात. खाली खटाक-फटाक, खटाक-फटाक. समुद्र आला. गाडी आली. आसावरीने वेग घेतला, पहिलं वळण आलं आणि पडदा काळा झाला. संगणकाने टुक असा आवाज केला आणि पहिल्यापासून सुरू झाला.

पुन्हा समुद्र, पुन्हा गाडी, पुन्हा वळण, पुन्हा काळोख.

"परवा चालत होता," टिपणीस म्हणाले. चौथ्या वेळेनंतर ते हे वाक्य कोणाकडेही न बघता म्हणू लागले. चंद्राबाईंनी संगणक आडवा करून पाहायला सुचवलं. तो आडवा करण्यात आला. आडवाही बंद पडला.

मंगळवारी अनंता एक जळालेली मोटार खांद्यावर घेऊन जाता जाता वर डोकावला. त्याने संगणकाला हातही लावला नाही. पिशवीतून शंभरचा बल्ब काढून भिंतीतल्या सॉकेटला जोडला. बल्ब लागला, पण पिकल्या संत्र्यासारखा.

"करंटच पूरा नाही," तो म्हणाला. "खाली छत्तीस लूम ओढतात. जुनी मशीन थोडं पिऊन राहायची. आता हे कार्ड आलं, गेम लागला की याला तहान लागते. नाही मिळालं की मशीन झोपते."

"पण शुक्रवारी..." टिपणीस म्हणाले आणि थांबले. सगळेच थांबले. शुक्रवारी लूम बंद असतात.

संध्याकाळी पाळी बदलताना लूम दहा मिनिटं थांबतात, त्या दहा मिनिटांत खेळायचं ठरलं. गेम उघडायला त्यातली सात गेली. गाडी रस्त्याला लागली आणि खाली पहिला लूम खटाक म्हणाला.

काळूरामला वाईट वाटलं. "भाऊ, पोर आलीय. मी तासभर बंद करतो लूम. माझेच हायत."

टिपणिसांनी मान हलवली. "कारागिरांना मीटरवर मजुरी असते, काळूराम. माझी मुलगी खेळणार म्हणून त्यांचा तास का जावा?"

"मग स्टॅबिलायझर," अनंता म्हणाला. "मोठा लागेल. गुरुवारपर्यंत आणतो."

"गुरुवारी सकाळी ती जाणार," टिपणीस म्हणाले. त्यांचा आवाज हेडक्लार्कचा होता, पण त्यातला कडक कागद भिजला होता.

आसावरी संगणकाच्या खोक्यावरची हळदीची पाच बोटं बघत बसली होती. मग तिने तळाला चिकटपट्टीखालचे पाच तांदूळ पाहिले. त्यांची गोष्ट तिने आईकडून ऐकली होती. काट्याची गोष्ट काळूरामने जिन्यातच सांगून टाकली होती, अभिनयासकट.

"यांची सुट्टी शुक्रवारी ना?" ती म्हणाली. "मग शुक्रवारी खेळू. रुचिकाला कळवते, शनिवारी येते म्हणून."

आणि मग त्या घरात दोन रिकामे दिवस आले, ज्यांना वाट पाहण्याखेरीज काही काम नव्हतं. बुधवारी आसावरी आईबरोबर तिच्या शाळेत जाऊन बसली आणि चौथीच्या पोरांना समुद्राकाठी गाडी कशी वळवायची ते सांगून आली. दुपारी आक्कांजवळ बसून संगणकाच्या कापसाच्या वाती वळल्या. संध्याकाळी तिने जुना राखाडी रस्ता उघडला. जुन्या खेळाला तहान नव्हती, लूमच्या ठेक्यावर तो मजेत चालला. ती बाणांवर, टिपणीस स्पेसबारवर.

"बाबा, अजून वळण आलं नाहीये."

"येणार आहे."

"आलं की दाबा ना."

आतून सुनीतीबाई म्हणाल्या, "अहो, सोडा तिला जरा."

गुरुवारी दुपारी अनंता सायकलच्या कॅरियरला खोकं बांधून थेट शाळेच्या ऑफिसात आला. "मिळाला, साहब. एक दिवस आधी मिळाला असता तर बरं. चला, लावून देतो. आज संध्याकाळपासून रोज खेळता येईल."

टिपणिसांनी खोक्याकडे पाहिलं. संध्याकाळपासून रोज. म्हणजे आज खेळून होईल. म्हणजे उद्या सकाळच्या गाडीला काहीच आडकाठी नाही. आणि पुढच्या सुट्टीला तीन दिवस पुरतील, कारण कुठल्याही तीन दिवसांत चालेल. त्यांनी टेबलावरचं पेपरवेट उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.

"अनंता," ते म्हणाले, "तू आज आला नाहीस."

"आलोय की."

"नाही आलास. माल मिळाला नाही."

अनंताने त्यांच्याकडे नीट पाहिलं. तीन मुलींचा बाप तो, थोरली गेल्या वर्षी जळगावला दिलेली. "हां," तो सावकाश म्हणाला. "माल कुठे मिळतो. कधी येईल?"

"मी कळवीन."

त्याने पैसे घेतले आणि पावतीसाठी खिशात हात घातला. टिपणीस म्हणाले, "राहू दे." ज्या माणसाने खिशातल्या तीन तुकड्यांसाठी दोन ट्रक मागे सरकवले होते, त्याने ते खोकं मधल्या सुट्टीत, डोक्यावरून रुमाल बांधून, मागच्या गल्लीने घरी नेलं. सुनीतीबाई शाळेत, आसावरी आक्कांकडे. तांदळाच्या कोठीमागे ते बरोबर मावलं.

शुक्रवारी लूम थांबले, टिपणिसांनी रजा टाकली. समुद्र आला आणि गेला नाही. बाप-लेक सकाळी नऊपासून जेवणापर्यंत आणि जेवणापासून दिवेलागणीपर्यंत खेळले. आक्का येऊन बसल्या, काळूराम येऊन बसला. त्याने एकदा गाडी चालवली आणि सरळ टेकडीवर चढवली, कारण त्याच्या मते तिथे गोदामाला चांगली जागा होती. शेवटच्या फेरीला आसावरीने वेग सोडला नाही. वळण आलं तेव्हा टिपणिसांनी, आयुष्यात पहिल्यांदा, ब्रेकवरचं बोट उचलून धरलं. गाडी घसरली, काठाला घासली आणि निघाली.

"बघा," आसावरी म्हणाली. "जमतं की."

शनिवारी सकाळी एसटीत बसताना तिने खिडकीतून सांगितलं, "मार्चमध्ये येते, बाबा. शुक्रवार बघूनच येणार. दोन आले मध्ये तर बरंच."

टिपणीस घरी आले तेव्हा सुनीतीबाई केर काढत होत्या. तांदळाची कोठी पुढे ओढलेली होती. खोकं उघडं होतं आणि त्यातला राखाडी जडशीळ स्टॅबिलायझर जमिनीवर बसला होता. ऑडिटच्या कुठल्याही प्रश्नाला टिपणिसांकडे कागद असायचा. या वेळी हात पाकिटाकडे गेला आणि रिकामा परत आला.

"पावती नाही?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"नाही."

त्यांनी त्या वस्तूला एक फेरी घालून पाहिलं, फडक्याने पुसली, तिची वायर गुंडाळून मागे सारली आणि कोपऱ्यात, फोनच्या लंगड्या स्टुलाच्या जागी नेऊन ठेवली. वर क्रोशाचा रुमाल घातला. रुमालावर फोन ठेवला.

"उंची बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्यावरच फोन वाजला. आसावरी पोचली होती. प्रवास बरा झाला, लाडू रुचिकाने फस्त केले. "आणि बाबा, तो स्टॅबिलायझर आला का?"

टिपणिसांनी फोनखालच्या रुमालाकडे पाहिलं. "नाही अजून," ते म्हणाले.

"मिळतच नाही म्हणे हल्ली," सुनीतीबाई स्वयंपाकघरातून, सांगलीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या.

फोन ठेवून टिपणिसांनी नव्या वर्षाचं कॅलेंडर गुंडाळीतून सोडवलं, मार्चचं पान काढलं आणि पेन्सिलीने शुक्रवार मोजले. पाच निघाले.